स्थिर, साचलेले आणि खुंटलेले : विशेषणांचा एक पाठ
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



आजच्या परिषदेत भाषा विषयाचा एखादा लहानसा घटक घेऊन त्याचे अध्यापन कसे करावे याविषयी चार शब्द सांगावेत, अशी सूचना मला मिळाली. घटक मी मुद्दामच लहान निवडला आहे. गती थांबली आहे किंवा वाढ थांबली आहे, असे दाखविणारी जी विशेषणे आपल्या मराठीत आहेत, ती मुलांना वाक्यात नेमकेपणाने वापरता यावीत, यासाठी काय करावे, एवढाच आजचा प्रश्न आहे. विषय व्याकरणाचा आहे खरा. परंतु त्याचा शेवट व्याकरणात होत नाही. तो आपल्या नोंदवहीपर्यंत जाऊन पोहोचतो, हे आपणांस पुढे दिसून येईल.

विशेषण शिकविण्याची आपली रूढ पद्धत सर्वांना ठाऊक आहे. ‘नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण’ ही व्याख्या फळ्यावर लिहावयाची, चार उदाहरणे द्यावयाची आणि उताऱ्यातील विशेषणे अधोरेखित करावयास सांगावयाची. मुले ती बिनचूक अधोरेखित करतात. पण त्याच मुलांना ‘पावसानंतर शाळेसमोर काय दिसते ते लिहा’ असे सांगितले, तर दहापैकी आठ वह्यांत ‘पाणी आहे’ आणि ‘खूप पाणी आहे’ एवढेच वाक्य सापडते. विशेषण ओळखता येणे निराळे आणि ते हाताशी असणे निराळे. पहिले परीक्षेपुरते असते. दुसऱ्याचा उपयोग आयुष्यभर होतो.

म्हणून पाण्यापासूनच आरंभ करू. पाणी खेड्यातील प्रत्येक मुलाच्या ओळखीचे आहे. वाहत नाही अशा पाण्याला आपण किती नावे ठेवतो, ते पाहा. रस्त्याच्या खळग्यात पाणी ‘साचलेले’ असते. गटारात काडीकचरा अडकला म्हणजे ते ‘तुंबलेले’ असते. हौदात व रांजणात ते ‘साठवलेले’ असते. बंधाऱ्यामागे ते ‘अडवलेले’ असते. वारा नसला म्हणजे तळ्यातील पाणी ‘निश्चल’ किंवा ‘स्थिर’ असते. पाचही ठिकाणी पाणी वाहत नाही. परंतु एका शब्दाच्या जागी दुसरा घातला, की वाक्य बिघडते. ‘आईने रांजणात पाणी तुंबवले’ असे कोणी म्हणत नाही आणि ‘नळाखाली डबके साठवले’ असेही कोणी म्हणत नाही. मुलांना हे ऐकवले की ती हसतात. हे हसू फार मोलाचे आहे. कारण शब्द चुकला हे त्यांच्या कानाला आधीच कळलेले असते; का चुकला, ते आपण त्यांच्याकडून काढून घ्यावयाचे असते.

ते काढून घेण्यासाठी मी तीन प्रश्न सुचवितो. हे तीन प्रश्न फळ्याच्या एका कोपऱ्यात पाठभर लिहून ठेवावेत.

पहिला प्रश्न : थांबले आहे ते काय? चालणे की वाढणे?
दुसरा प्रश्न : ते आपोआप थांबले, कोणी थांबविले, की कशाने अडले?
तिसरा प्रश्न : हे थांबणे बरे की वाईट?

पहिल्या प्रश्नाने शब्दांचे दोन मोठे गट पडतात. गाडी ‘थांबलेली’ असते, वारा ‘पडलेला’ असतो, पाणी ‘साचलेले’ असते, खोबरेल तेल थंडीत ‘थिजलेले’ असते. येथे गती किंवा प्रवाहीपणा नाहीसा झाला आहे. याउलट पाण्याविना राहिलेले पीक ‘खुरटलेले’ असते, सावलीतील रोपटे ‘खुजे’ राहते, मुलाची उंची किंवा गावाचा व्यापार ‘खुंटलेला’ असतो. येथे वाढ नाहीशी झाली आहे. ‘खुंटलेली गाडी’ हा प्रयोग कानाला खटकतो तो यामुळेच. गाडी वाढत नाही. म्हणून ती खुंटतही नाही.

दुसऱ्या प्रश्नाने गटांच्या आतील भेद उलगडतात. ‘साचलेले’ पाणी आपोआप साचते. ‘साठवलेले’ पाणी कोणीतरी हेतुपूर्वक साठविते. सभा ‘स्थगित’ होते ती कोणीतरी निर्णय घेतल्यामुळे. पुलाचे काम ‘रखडते’ तेव्हा निर्णय कोणीच घेतलेला नसतो. ‘तुंबलेले’ म्हटले की पुढे काहीतरी अडले आहे आणि मागून जोर येतो आहे, असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात येतात. मुलांना हा भेद सांगण्यापेक्षा करून दाखवावा. एका पन्हाळीत किंवा उभ्या चिरलेल्या पोकळ बांबूत पाणी सोडावे, मध्ये मातीचा गोळा ठेवावा आणि काय दिसते ते विचारावे. मग गोळा काढावा. तुंबलेले पाणी वेगाने सुटते. तेच पाणी पसरट ताटलीत ओतावे. ते तेथेच राहते. ‘तुंबलेले’ आणि ‘साचलेले’ यांतील अंतर मूल पुन्हा कधी विसरणार नाही.

हा भेद केवळ भाषेच्या सौंदर्यासाठी नाही. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अंडी घालतो तो बहुधा घरात व घराभोवती असलेल्या बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात. रांजण, टाकी, फुलदाणी, जुने टायर अशा ठिकाणी. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवण्यास आरोग्य खाते सांगते आणि त्यास ‘कोरडा दिवस’ म्हणते. आता ‘साचलेले पाणी काढून टाका’ एवढेच वाक्य ज्या मुलाने पाठ केले आहे, ते मूल दाराबाहेरचे डबके दाखवील. झाकण नसलेल्या रांजणाकडे त्याचे लक्षही जाणार नाही. कारण त्याच्या मनात ‘साचलेले’ म्हणजे ‘घाण’ असे समीकरण बसले आहे. ‘साचलेले असो वा साठवलेले असो, आठवडाभर न हललेले पाणी’ असे वाक्य मुलांनी स्वतः तयार केले, तर ते घरी जाऊन रांजण दाखवील. एक विशेषण नेमके झाले, तर एका घरातील ताप टळू शकतो.

आता तिसरा प्रश्न. तो सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत फसवा आहे. गती नसणे हे वाईटच, असे आपण गृहीत धरून चालतो. पण आपली भाषा तसे मानीत नाही. ध्रुवाचे पद ‘अढळ’ आहे, हे स्तुतीचे वचन आहे. सुखदुःखांत ज्याची बुद्धी डळमळत नाही त्याला गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘स्थितप्रज्ञ’ म्हटले आहे. निश्चय ‘अविचल’ असावा, नजर ‘स्थिर’ असावी, असे आपण मुलांना सांगतो. शेतजमिनीला आपण ‘स्थावर’ मालमत्ता म्हणतो आणि ती हलत नाही म्हणूनच तिचा भरवसा वाटतो. म्हणजे बरेवाईटपण विशेषणात नसते. पुष्कळदा ते विशेष्यात असते.

यासाठी ‘स्थिर’ हा एकच शब्द घ्यावा आणि त्यापुढील नाम बदलीत जावे. ‘रुग्णाची प्रकृती स्थिर आहे’ हे वाक्य ऐकून घरच्या माणसांना धीर येतो. ‘कांद्याचे भाव स्थिर आहेत’ हे वाक्य ऐकून काय वाटेल, ते भाव किती आहे आणि ऐकणारा विकणारा आहे की विकत घेणारा, यावर अवलंबून आहे. ‘पाच वर्षांत मजुरी स्थिर राहिली’ हे वाक्य मात्र चिंतेचे आहे. कारण तेवढ्या काळात इतर वस्तूंचे भाव चढले असतील, तर स्थिर मजुरी म्हणजे प्रत्यक्षात घटलेली मजुरी होय. चौथीच्या मुलांनाही हे कळते. त्यांच्या घरी याच गोष्टी रोज बोलल्या जातात.

भूगोलाच्या तासाशीही याची सांगड घालता येईल. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने बसाल्ट खडकात तयार झाले. त्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्यात झऱ्यांचे व पावसाचे पाणी येते; पण बाहेर जाण्यास वाट नाही. पाणी जाते ते केवळ वाफ होऊन. क्षार मात्र मागे राहतात. त्यामुळे ते पाणी खारट व अल्कधर्मी झाले आहे. आता मुलांना विचारावे : लोणारचे पाणी ‘साचलेले’ म्हणावे, ‘स्थिर’ म्हणावे, की ‘कोंडलेले’ म्हणावे? वर्गात मतभेद होईल. होऊ द्यावा. प्रत्येकाने आपल्या शब्दामागचे कारण एका वाक्यात सांगावे, एवढीच अट घालावी. त्या तासाला भूगोल झाला की भाषा झाली, याची चिंता वेळापत्रकाने करावी. आपण करू नये.

यानंतर रूपांकडे वळू. आकारान्त विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलते : साचलेला गाळ, साचलेली माती, साचलेले पाणी. विशेष्याला प्रत्यय लागला, की विशेषणाचेही सामान्यरूप होते : साचलेल्या पाण्यात, खुंटलेल्या वाढीमुळे. जी विशेषणे आकारान्त नाहीत ती बदलत नाहीत : स्थिर पाणी, स्थिर पाण्यात, कुंठित बुद्धी, कुंठित बुद्धीने. मुलांच्या वह्यांत ‘साचलेले पाण्यात’ अशी चूक वारंवार आढळते. तिचे कारण बहुधा हेच, की ‘स्थिर पाण्यात’ सारख्या शब्दांची सवय ते येथेही लावतात. दोन स्तंभ करून दोन्ही प्रकारची वाक्ये समोरासमोर लिहिली, तर नियम मुले स्वतःच सांगतील.

दुसरी बाब वाक्यातील स्थानाची. विशेषण नामापूर्वी आले तर ते अधिविशेषण, नामानंतर येऊन विधान पुरे करीत असेल तर ते विधिविशेषण. ‘रखडलेले काम’ आणि ‘काम रखडलेले आहे’ अशी दोन्ही रूपे चालतात. पण ‘ठप्प’ हा शब्द पाहा. ‘पुरामुळे वाहतूक ठप्प झाली’ हे वाक्य सहज आहे. ‘ठप्प वाहतूक’ असे आपण क्वचितच म्हणतो. ‘मूल गप्प बसले’ म्हणतो. ‘गप्प मूल’ म्हणताना जीभ अडखळते. काही शब्दांना नामाच्या मागेच जागा आवडते. ही आवड नियमाने शिकविता येत नाही. भरपूर वाक्ये ऐकून व बोलून ती अंगवळणी पडते.

आणखी एक सावधगिरी. आवाजाचे साम्य पाहून मुले शब्दांची नाती जोडतात. ‘साचेबंद उत्तर’ यातील ‘साचेबंद’ हा शब्द ‘साचणे’ यावरून आला, असे त्यांना वाटते. तो ‘साचा’ या शब्दावरून आला आहे. एकाच साच्यातून काढलेल्या विटांसारखे ते उत्तर असते. त्याचप्रमाणे ‘संथ’ व ‘मंद’ हे शब्द गती नसल्याचे नव्हेत, कमी असल्याचे आहेत. संथ नदी वाहत असते. हा भेद आपण मुलांना शिकवितो खरा, पण मुलांविषयी बोलताना आपणच तो विसरतो. आणि येथून मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

बंधुभगिनींनो, मुलांची वाक्ये आपण तपासतो. आपली वाक्ये कोण तपासतो? २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहिण्याचे काम आपल्याकडे आले. वर्णनात्मक नोंद म्हणजे मुख्यतः विशेषणांचेच काम. शाळाभेटीत अशा वह्या मी वाचीत असतो. ‘प्रगती नाही’, ‘वाचन जैसे थे’, ‘मंद’, ‘लक्ष नाही’ हे शब्द त्यांत पुनःपुन्हा भेटतात. मघाचे तीन प्रश्न या शब्दांना लावून पाहा. काय थांबले? का थांबले? एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. अशी नोंद स्वतःच साचेबंद असते. ती वाचून पुढील वर्षीच्या शिक्षकाने काय करावे?

शिक्षणशास्त्रात ‘गळती व स्थगिती’ ही जोडी आपण सर्वांनी अभ्यासली आहे. १९२९ च्या हार्टोग समितीने या दोन शब्दांकडे देशाचे लक्ष वेधले. मूल एकाच इयत्तेत एका वर्षाहून अधिक काळ राहणे, यास त्या समितीने स्थगिती म्हटले. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलग्यांपैकी १९२५-२६ साली चौथीत अवघे अठरा उरले होते, असे त्या अहवालात दाखविले होते. पुढे २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने मुलास त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीपुरती राज्यांना त्यात मुभा दिली. कायदा वर्ग बदलू शकतो. पण मूल दरवर्षी वरच्या वर्गात जात असूनही त्याचे वाचन तेथेच राहू शकते. ही स्थगिती हजेरीपटावर दिसत नाही. ती दिसलीच, तर शिक्षकाच्या नोंदीतच दिसेल. आणि तीही शब्द नेमका असेल तरच.

काही उदाहरणे देतो. एक मुलगी साधे शब्द वाचते, पण जोडाक्षर आले की थांबते. तिचे वाचन ‘खुंटलेले’ नाही. ते ‘अडलेले’ आहे. ‘अडलेले’ म्हटले की कोठे, हा प्रश्न आपोआप येतो. जोडाक्षराचा मातीचा गोळा काढला, की तुंबलेले पाणी कसे सुटते ते आपण मघाशी पाहिले. दुसरा मुलगा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या सुमारास तो आईबापांबरोबर कारखान्याच्या भागात जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतो. त्याच्या नावापुढे ‘प्रगती स्थिर’ असे लिहिणे हे सत्याला सोडून आहे. त्याचे शिक्षण ‘खंडित’ आहे. ‘स्थिर’ म्हटले तर दोष मुलाकडे जातो; ‘खंडित’ म्हटले तर काम आपल्याकडे येते. गेलेले महिने कोठे गेले, तेथे तो कोणत्या शाळेत बसला, हंगामी वसतिगृहात त्याची सोय झाली असती का, हे प्रश्न त्या एका शब्दामुळे उभे राहतात.

तिसरे मूल पहिलीतील. घरी कोरकू, भिली, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारे. वर्गात ते महिनोन्‌महिने तोंड उघडीत नाही. त्यास ‘मठ्ठ’ म्हणणारे लोक आजही भेटतात. पण नवी भाषा कानावर पडत असताना मूल काही काळ नुसते ऐकत असते, हे आपणांस माहीत आहे. या अवस्थेला शेतकऱ्याच्या भाषेत शब्द आहे. पसऱ्या जातीच्या भुईमुगाचे दाणे काढणीनंतर काही आठवडे पेरले तरी उगवत नाहीत. उपट्या जातीच्या शेंगांना मात्र काढणीच्या वेळी पाऊस लागला, तर जमिनीतच मोड येतात. दोन्ही बियाणी जिवंतच आहेत. पहिल्याला शेतकरी ‘मेलेले’ म्हणत नाही. ते ‘सुप्त’ आहे हे तो जाणतो आणि वाट पाहतो. अर्थात वाट पाहणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. सुप्त बियाणेही कोरडे व जपून ठेवावे लागते. गप्प असलेल्या मुलाशी त्याच्या भाषेतील चार शब्द बोलावे लागतात.

मी केवळ गोड शब्दांचा आग्रह धरतो आहे, असे कृपा करून समजू नका. जेथे वाढ खरोखर खुंटली आहे, तेथे ‘खुंटली’ हाच शब्द लिहिला पाहिजे. वयाच्या मानाने मुलाची उंची फारच कमी असेल आणि आरोग्य तपासणीत तसे दिसून आले असेल, तर ‘नाजूक प्रकृती’ असे लिहून ते झाकणे हा त्या मुलावर अन्याय आहे. तेथे कठोर शब्दच त्या मुलाला आरोग्य केंद्रापर्यंत नेऊ शकतो. फरक इतकाच, की तो शब्द वर्गात हाक मारण्यासाठी नाही. तो योग्य त्या कागदावर, योग्य त्या माणसासाठी आहे. आणि तो शब्द वाढीला लागू आहे, मुलाला नव्हे. ‘मुलाची वाढ खुंटली आहे’ आणि ‘खुंटलेले मूल’ यांत विशेषणाचे स्थान बदलले आहे, तसे विशेष्यही बदलले आहे. पहिल्या वाक्यात उपायाला जागा आहे. दुसऱ्यात मुलाच्या कपाळावर शिक्का आहे.

आता प्रत्यक्ष पाठाची रूपरेषा थोडक्यात सांगून मी आवरते घेतो. एका तासिकेत पाच-सहाहून अधिक विशेषणे घेऊ नयेत. आरंभी मुलांना शाळेच्या परिसरात नेऊन ‘न हलणाऱ्या आणि न वाढणाऱ्या’ गोष्टी शोधावयास सांगाव्यात. परत आल्यावर त्यांच्याच बोलीतील शब्द प्रथम फळ्यावर लिहावेत. खानदेशात, वऱ्हाडात, कोकणात डबक्यासाठी व खुरट्या रोपासाठी निरनिराळे शब्द मिळतील. ते खोडू नयेत, त्यांच्या शेजारी प्रमाण शब्द लिहावा. नंतर तीन प्रश्न. नंतर एकच विशेषण व चार नामे, तसेच एकच नाम व चार विशेषणे, अशी वाक्ये तोंडी करून घ्यावीत. शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या घराविषयी वा शेताविषयी दोन वाक्ये लिहावीत. द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एकत्र असतील, तर धाकट्यांनी वस्तू शोधावी व थोरल्यांनी शब्द द्यावा. दोघांचेही काम होते.

आणि एक काम आपल्यासाठी. पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील तीन मुलांच्या नोंदी सोबत आणाव्यात; नावे मात्र झाकावीत. ‘प्रगती नाही’ हे दोन शब्द न वापरता, त्या मुलाचे काय थांबले आहे, कशाने थांबले आहे आणि पुढील महिन्यात आपण काय करणार आहोत, हे तीन वाक्यांत लिहावे. त्या नोंदी आपण एकत्र बसून वाचू. मला खात्री आहे, की शब्द शोधता शोधता आपणांपैकी पुष्कळांना उपायही सापडलेला असेल.